डाव्या डोळ्याचा निळा

गल्लीत तिला सगळे मेणताई म्हणत. लाकडाला लावायचं रंगीत मेण ती तीस वर्षं बनवत होती. तिच्याकडे लाल होता, पोपटी होता, पण नाव झालं ते निळ्याचं. तेलरंगाखाली लाकूड गुदमरतं, असं तिचं ठाम मत. तिच्या मेणातून लाकडाच्या रेषा दिसत आणि तरी रंग असा की रस्त्यानं जाणारा दोन पावलं मागे यायचा.

कृती कुठेही लिहिलेली नव्हती. उकळत्या पाण्यात पातेलं ठेवून मधमाशांचं मेण वितळवायचं, जवसाच्या तेलात खललेली रंगाची पूड चमच्या-चमच्यानं सोडायची, फळीवर चोळून बघायचं, मनाला पटलं की थांबायचं. फळी मग पुन्हा रंधा मारून कोरी करायची. धाकट्या बहिणीचा नवरा सुतार. तो म्हणायचा, निदान एक नमुना तरी ठेवा. त्यावर ती म्हणायची, ज्याला नजर नाही त्यानं ठेवावा. आणि हे म्हणणाऱ्या बाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवसांनी मुलांच्या वाचनालयातल्या बाईंनी आणखी बारा स्टुलं मागितली, म्हणून ती तिथे गेली. तीन वर्षांपूर्वी रंगवलेली तिची तीस स्टुलं खिडकीशी होती. उन्हानं कमीजास्त उतरलेली, तरीही निळ्यानं नुसती बोंबलत होती. हे आपण केलं? नवी होती तेव्हा काय दिसत असतील? ती दारातच उभी राहिली.

डॉक्टरांनी उलगडा केला. मोतीबिंदूमुळे डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, निळा मळकट दिसतो. म्हणून ती वर्षानुवर्षं चमचे वाढवत गेली होती. म्हणजे लोकांनी वाखाणलं ते मोतीबिंदूला! तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

पण हातपाय गाळणं तिच्या स्वभावात नव्हतं. नव्या डोळ्याला शोभेल असा निळा तिनं केला, एका स्टुलाला लावला, चकाकेपर्यंत घासला. वाचनालयाच्या बाईंनी ते उन्हाजवळ नेलं, पुन्हा आत आणलं आणि शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं की हे फार शहाणं दिसतंय. त्यांना पहिल्या दिवशीचा निळा हवा होता.

तो निळा आता एकाच ठिकाणी उरला होता, तिच्या डाव्या डोळ्यात. आणि त्या डोळ्याची शस्त्रक्रिया शुक्रवारी होती. त्यानंतर तो निळा कुणालाच करता आला नसता, तिलाही नाही.

बहीण म्हणाली, तारीख पुढे ढकल. मेणताईनं साफ नकार दिला. त्या डोळ्यानं तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि बारा स्टुलांसाठी धडपडत राहायला ती काही वेडी नव्हती. बुधवारी सकाळी तिनं उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि बहिणीला वजनकाटा घेऊन शेजारी बसवलं. जन्मात पहिल्यांदा तिचा प्रत्येक चमचा मोजला जाणार होता.

"बोलत राहू नकोस, लिही," ती म्हणाली.

चमचा पडे, काटा हले, बहीण लिही. सहाव्या चमच्याला बहीण चुळबुळली, आठव्याला तिनं ताईकडे पाहिलं. मेणताई फळीवर चोळत होती, थिजू देत होती, मान हलवत होती. जेवायची वेळ टळून गेली. अकराव्या चमच्यानंतर तिनं फळी उजेडाकडे धरून तिरकी फिरवली. मग म्हणाली, झाला. बहिणीनं आकडा दोनदा तपासून खाली रेघ मारली.

मेणताईनं पट्टी सोडली. उजव्या डोळ्यानं फळी जवळून पाहिली, लांबून पाहिली.

"भडक आहे गं," ती म्हणाली.

"मग कमी करायचा का, ताई? अजून मेण पातळ आहे."

"चिमूटभरसुद्धा नाही. कसाही असला तरी माझा आहे तो. डबे आण."