मशीन रिकामं ठेवायचं नसतं

थकलेल्या माणसाला 'आराम कर' म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, आणि त्यात मी स्वतःही आले. असले सल्ले मी कित्येक वर्षं लिहून विकलेत. गरम पाण्यात पाय बुडवून बसा. कोवळ्या उन्हात फिरा. एखादा छंद जोपासा. सुरतेत गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत कोवळं ऊन येतच नाही, येतं ते एकदम बाराला, डोक्यावर. आणि छंद म्हणाल तर समोरच्यांच्या भांडणाकडे कान लावणं, एवढा एकच मला परवडत होता.

मी घरी बसून एका कंपनीच्या वेबसाइटसाठी मराठीतून लिहायची. सकाळी साड्यांची वर्णनं, दुपारनंतर तब्येत, संसार, मन वगैरे. काम वाटून देणारी एक मॅडम होती, तिला मी कधी पाहिलं नाही, फक्त तिचे मेसेज पाहिले. रोज चाळीस साड्यांचे फोटो यायचे. प्रत्येकीवर साठ शब्द, त्यात 'मुलायम' पाहिजे, 'सणासुदीला' पाहिजे, आणि एकीचं वाक्य दुसरीला लावलेलं चालायचं नाही. चाळिसातल्या तीस साड्या एकाच छापाच्या, नुसता काठाचा रंग वेगळा. मी एम.ए. मराठी. कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळालं होतं, ते सर्टिफिकेट मायने काच बसवून भिंतीला लावलंय. त्याच्याखाली बसून मी सहा वर्षं 'झुळझुळीत' लिहिलं.

तरी ती जागा माझी होती, हे आधीच सांगून ठेवते. चौतिशी उलटली, लग्नाचं जमलं नाही. घर धाकट्या भावाचं होत चाललं होतं. वरच्या खोलीत खिडकीपाशी माझं टेबल, त्यावर लॅपटॉप. तिथे बसले की आल्यागेल्याला सांगता यायचं, ही काम करते. तिथून उठले की मी भावाच्या संसारात उरलेली बहीण. ती खुर्ची गेली तर या घरात माझं काहीच नव्हतं, आणि हे मला जेवढं ठाऊक होतं तेवढंच आप्पांनाही होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. शिरपूरकडून सुरतेला आले आणि पस्तीस वर्षं कापडाच्या लूमवर उभे राहिले. मशिनच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. पण ओठ वाचतात, आणि असे वाचतात की त्यांच्यासमोर कुजबुजूनही उपयोग नाही. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, सगळे तसेच बोलायचे, ओठांनी आणि हातांनी. घरी आम्ही अहिराणी बोलतो. इथे मी सगळ्यांना नीट मराठीत बोलायला लावलंय, कारण माणसांच्या तोंडचं बदलून लिहायची मला सवयच झालीय.

त्या दिवशी अडतीस साड्या झाल्या होत्या. एकोणचाळिसावी पोपटी. मी लिहिलं, 'ही साडी नेसवून तुम्हाला स्मशानात पोचवलं तरी शोभून दिसाल.' वाचून मला हसू आलं, आणि ते थांबेना. वाक्य खोडलं. दुपारी लेखाचा विषय आला, कामाचा थकवा घालवायचे दहा उपाय. मी 'पहिला उपाय' एवढं टाइप केलं आणि मला ती अक्षरं लागेनाशी झाली. दिसत होती, पण लागत नव्हती. मी खुर्चीवरून उतरले आणि तिथेच फरशीवर आडवी झाले.

पुढचे दिवस मी कुणाशीच चांगली वागले नाही. जबडा इतका आवळलेला की भाकरी चावेना. दार लोटल्याच्या आवाजानेही अंगावर काटा यायचा. डॉक्टरने अशक्तपणा सांगून लाल गोळ्या दिल्या. भावजय चहा घेऊन आली तर मी कप भिंतीवर फेकला, आणि तो तिच्या माहेरचा होता हे मला माहीत होतं. ती म्युनिसिपाल्टीच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, लग्नाआधी साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला जायची. मी तिला चारचौघांत 'आमची घडीवाली' म्हणायची. ती हसायची. तिनं काचा गोळा केल्या, फरशी पुसली आणि दुसरा चहा आणला.

चौथ्या दिवशी आप्पा वर आले. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला नाही. टेबलाकडे गेले आणि लॅपटॉपच्या झाकणावर बोट फिरवून धूळ बघितली.

"किती दिवस बंद आहे?" त्यांनी विचारलं.

"चार."

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, लेकीची काळजी. होती, पण ती लूमवाल्याची काळजी होती. खात्याचा नियम असा की माणूस आजारी पडला तरी मशीन रिकामं ठेवायचं नाही. आपणच आपल्या जागी माणूस पाठवायचा, त्याला बदली म्हणतात. बदली नाही पाठवला तर शेठ दुसरा कुणीतरी उभा करणार आणि आपली मशिनं गेली. पाळी बदलताना जाणारा माणूस मशिनच्या चौकटीवर दोनदा थाप मारतो. आता तुझं, असा त्याचा अर्थ. बोलून ऐकूच येत नाही, मग काय करणार.

मी म्हटलं, आप्पा, इथे तसं नसतं, मी कळवीन मॅडमला. पण मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं. त्यांना माझे ओठ दिसले नाहीत, आणि वळून पुन्हा सांगायचं माझ्या अंगात त्राण नव्हतं. माझ्याकडून झालं ते एवढंच.

संध्याकाळी त्यांनी भावजयीला वर आणून माझ्या खुर्चीत बसवलं. पासवर्ड माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहिलेला होता. माझ्याच मोबाइलवरून मॅडमला आवाज रेकॉर्ड करून पाठवला, ऐकू येत नाही म्हणून ओरडून: मुलगी आजारी आहे, तिच्या जागी सून बसवली आहे, काम थांबणार नाही, काळजी करू नका. सून कोण, तिचा नंबर काय, सगळं सांगितलं. मग झाकणावर दोनदा थाप मारली आणि खाली जेवायला गेले. मी पलंगावर पडून हे बघत होते. मला वाटलं, करू दे, ही काय लिहिणार आहे, दोन दिवसांत मॅडम हाकलेल.

अकराव्या दिवशी मी उठले, अंघोळ केली आणि भावजय स्वयंपाकात असताना टेबलाशी बसून तिनं लिहिलेलं वाचलं. 'निऱ्या सुटत नाहीत. वाकून झाडू मारला तरी पदर जागेवर राहतो.' 'पहिल्या धुण्यात थोडा रंग जातो, वेगळी धुवा, मग जात नाही.' 'जाड बायकांनी ही घ्यावी, पोट झाकतं.' मुलायम नाही, सणासुदीला नाही, काही नाही. मी हसणार होते. तेवढ्यात मॅडमचा मेसेज दिसला, माझ्या नंबरवर नव्हे, भावजयीच्या, पण तिचा मोबाइल टेबलावरच होता. 'तुमची वर्णनं वाचून ग्राहक प्रश्न कमी विचारतात. यापुढे साड्या सगळ्या तुम्हीच करा.' खाली आणखी एक ओळ होती. 'ताईंना सांगा, आराम करा.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली आले. आप्पा ओसरीवर मेथी निवडत बसले होते. मी त्यांच्या समोर उकिडवी बसले, तोंड त्यांच्या तोंडासमोर आणलं, म्हणजे एकही शब्द चुकायला नको.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मी सात-आठ वर्षांची असताना आप्पांच्या गावचा एक माणूस त्यांच्याच खात्यात होता, त्याला मी काका म्हणायची. तो मला खारे शेंगदाणे आणायचा. त्याची छाती बिघडली, तर त्याने आप्पांना बदली म्हणून पाठवलं. आप्पांकडे तेव्हा स्वतःची मशिनं नव्हती, नुसती मिळेल त्या दिवसाची हजेरी. दोन महिन्यांनी काका बरा होऊन आला. शेठ म्हणाला, तुमचं तुम्ही ठरवा. काका आमच्या दारात उभा होता, आत आला नाही. आप्पा त्याला म्हणाले, "तू आधी नीट बरा हो. मशीन काय पळून चाललंय का?" त्या वाक्यावर काका परत गेला. महिन्याभराने पुन्हा आला, आप्पांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तो आला नाही. पलसाण्याला रंगाच्या मिलमध्ये लागला, ती छाती घेऊन त्या वाफेत. दोन वर्षं टिकला. त्या मशिनांवर आप्पांनी आमचं घर बांधलं. घरात ही गोष्ट कुणी सांगत नाही, पण ती सगळ्यांना माहीत आहे.

मी आप्पांना म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं. बदली बसली की जागा जाते, हे जगात तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? काकांची खाल्लीत, आता माझी खाल्लीत."

त्यांनी ते वाचलं. पहिल्या खेपेलाच वाचलं, पुन्हा म्हण असं म्हणाले नाहीत. त्यांच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"मला वाटलं, घरातलीच आहे," ते म्हणाले. "घरातली बदली जागा परत देते."

"काका घरातला नव्हता म्हणून का?"

मी हे बोलले तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. भूक लागली. मी आत जाऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

भावजय मात्र म्हणाली, "ताई, तुमची जागा आहे, तुम्ही बसा." खरंच म्हणाली, दोनदा म्हणाली. मी बसलेही. पण माझी वर्णनं मॅडम परत पाठवायची, 'आधीसारखं नको, सुनेसारखं लिहा.' आता ही मजा बघा. मी घडीवालीला विचारायची, ही साडी कशी वाटते गं, आणि ती फोटोवर बोट ठेवून सांगायची, काठ कडक आहे, खांद्याला टोचेल. मी ते लिहायची. थोड्याच दिवसांत मी खुर्चीवरून आपणहून उठले. लेखही बंद झाले होते. मी खाली स्वयंपाक सांभाळू लागले, आणि आले-गेले तिला विचारायचे, काम कसं चाललंय.

ती गरोदर राहिली आणि सातव्या महिन्यात कोसाडला माहेरी गेली. जाताना तिने मला सगळं समजावून दिलं, आणि लॅपटॉपवर दोनदा थाप मारली. आप्पांनी शिकवलेलं, तिला ते गमतीचं वाटायचं. मी तिच्या जागी बदली बसले. तिच्या नावाने, तिच्यासारखं लिहू लागले. मला आता ते जमायचं. पोट झाकतं, पदर राहतो, रंग जात नाही. माझ्यातलं जे काही थकलं होतं ते तिच्या वाक्यांत थकत नव्हतं, कारण त्या वाक्यांत मी नव्हतेच.

बाळ झालं. मुलगी. बारशाला मी झबलं आणि चांदीचे वाळे नेले. भावजय फार वाळली होती, टाके दुखत होते, तरी तिने पहिलं विचारलं ते कामाचंच. मी म्हटलं, सगळं ठीक आहे. परत येताना रिक्षात बसून मी मॅडमला मेसेज केला, 'बाळामुळे तिला आता जमणार नाही. यापुढे काम माझ्या नंबरवर पाठवा.' मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मॅडमने अंगठा पाठवला.

तीन महिन्यांनी, एका सकाळी, भावजयीचा फोन आला. मी टेबलाशी होते. आप्पा दारापाशी बसून लसूण सोलत होते. हल्ली ते वर येऊन बसतात. आमचं फारसं बोलणं होत नाही.

"ताई, सोमवारपासून बसू का मी?" ती म्हणाली. मागे बाळ रडत होतं. "इथे नुसती पडून वेड लागायची वेळ आलीय. तुम्हालाही किती दिवस त्रास देऊ? मी येते, माझं मी सांभाळते."

मला काहीतरी दुसरं म्हणता आलं असतं. खिडकीतून खाली गल्ली दिसत होती. स्क्रीनवर एक जांभळी साडी अर्धी लिहून झाली होती.

"तू आधी नीट बरी हो," मी म्हटलं. "मशीन काय पळून चाललंय का?"

तिने बाळाला थोपटलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "बरं, ताई."

फोन ठेवला आणि वर बघितलं. आप्पांचे हात थांबले होते, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी सालं ताटलीत गोळा केली, गुडघ्यावर हात ठेवून उठले, माझ्यापाशी आले आणि लॅपटॉपच्या कडेवर दोनदा थाप मारली. मग भिंतीला धरून, एकेक पायरी करत खाली गेले.