चुंबकाला वाहिलेलं वार्षिक

आमच्या कॉलेजचं वार्षिक मी एकटीने, विधिवत पूजा करून, हळद-कुंकू वाहून बुडवलं.

त्या वर्षी इंदूरमध्ये मिलचे भोंगे एकेक करून बंद पडत होते. बाबांची मिलही बंद झाली. बाबा सांचे खात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर होते; माग बिघडला की सगळे आधी त्यांना हाक मारायचे. आता हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, तरी ते रोज सकाळी सातला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसत. आई डबा भरायला जायची आणि आठवण झाली की रिकामा डबा पुन्हा फळीवर ठेवायची. मला ते बघवत नसे.

घरातली एकुलती एक आशा म्हणजे मी! (हे मी स्वतःच ठरवलं होतं.) कॉलेजच्या वार्षिकाची संपादक मी, आणि पलासियाला पाठक भियांच्या (इंदुरात दादाला भिया म्हणतात) डीटीपी सेंटरमध्ये बसून टाईप करणारीही मीच. भियांनी शब्द दिला होता, "अंक टाईमावर निघाला ना संगीता, की तुझी नोकरी पक्की. पण लेट झाला तर भूल जा, हां!"

त्या सेंटरची शिस्त देवळापेक्षा कडक. चपला बाहेर, हातपाय धुऊन आत, खोलीत एसी, कॉम्प्युटरवर झालर लावलेलं कव्हर. भिंतीवर सहा नियम लावलेले. त्यातला पाचवा कॅलेंडरखाली झाकला गेला होता. तो वर करून वाचावा, असं मला दोन महिन्यांत एकदाही वाटलं नाही.

नवरात्रात लग्नपत्रिकांचं काम आलं आणि भियांच्या मशीनमध्ये जागा पुरेना. "तुझा अंक फ्लॉपीवर घे, मी इथून उडवून देतो," ते म्हणाले. मी सहा फ्लॉपींवर अंक घेतला. शहाणी म्हणून आणखी सहांवर दुसरी कॉपीही काढली आणि बाराच्या बारा एकाच डब्यात भरून घरी आणल्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दरवर्षी बाबा मिलमध्ये मागाची पूजा करत. त्या वर्षी त्यांनी पाट मांडला, त्यावर आपले नट आवळायचे पाने, तेलाची कुपी आणि मागाखाली पडलेले स्क्रू उचलायचं मोठं नालाच्या आकाराचं चुंबक ठेवलं, आणि नुसते बघत बसले.

"कशाची पूजा करू मी? हत्यारं आहेत, कामच नाही."

मला भडभडून आलं. आणि मला भडभडून आलं की माझ्या हातून काहीतरी भव्य घडतं.

"बाबा, आता माझ्या हत्यारांची करा!" असं म्हणून मी डबा उघडला. फ्लॉपी पाटावर उभ्या राहीनात, घसरून पडायच्या. मग एक चुंबकाला टेकवली, तर तिची पत्र्याची झडप टक्कन चिकटली! मी हरखले. सहा या टोकाला, सहा त्या टोकाला!

बाबा जरा चाचरले. "संगी, लोखंडाजवळ चालते ना ही चीज?"

"बाबा, हा कॉम्प्युटर आहे, तुमचा माग नाही! तुम्ही फूल वाहा."

त्यांनी गुपचूप फूल वाहिलं. आणि आमच्याकडची रीत अशी की पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. (ही रीत मी अत्यंत निष्ठेने पाळली.)

दसऱ्याला सकाळी मी सेंटरवर निघाले. बाबाही झोळी घेऊन सायकलवर मागोमाग आले, "जरा बघतो तरी तुझं मशीन." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पानं प्रेसला जायची होती. मी ऐटीत पहिली फ्लॉपी घातली. मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं आणि पडद्यावर आलं, फ्लॉपी वाचता येत नाही. दुसरी घातली, तेच! चौथी ओढणीने पुसून घातली, तरी तेच.

"दुसरी कॉपी असेल ना?" भियांनी विचारलं.

दुसरी कॉपीही तितक्याच भक्तिभावाने कोरी झाली होती. बारावी फ्लॉपी बाहेर आली तेव्हा तिच्यावरचं कुंकू भियांच्या बोटाला लागलं.

"हे काय लावून राहिली तू?"

मी सगळं सांगितलं. भिया उठले, भिंतीवरचं कॅलेंडर वर केलं आणि नियम पाचवर बोट ठेवलं : चुंबक दूर ठेवा.

"गई भैंस पानी में!" ते म्हणाले. खोलीत एसी चालू होता आणि मला दरदरून घाम फुटला. वार्षिक गेलं, नोकरी गेली. ओट्यावर आता सकाळी सातला बाबांच्या शेजारी मी बसणार, हे मला स्पष्ट दिसलं. मी रडायलाच लागले.

बाबांनी खाकरून झोळी पुढे केली. "हे चालेल का?"

आत सगळ्या चाळीस पानांची प्रुफं होती! मी ती रद्दीत टाकायला सांगितली होती. बाबांना टाकवली नव्हती. रिकामपणी त्यांनी पानन् पान वाचून काढलं होतं आणि लाल पेनाने चुका गोल केल्या होत्या. "माग चालू असताना तुटलेलं सूत दिसायचं मला," ते ओशाळून म्हणाले, "हे तर जागेवर उभंच असतं."

दोन दिवस ते मोठ्याने वाचत गेले आणि मी कीबोर्ड बडवत गेले.

"स्वल्पविराम. संगी, ही कविता संपली का अजून आहे?"

"अजून आहे, बाबा."

"पोराला कोणी रोखलं नाही?"

"बाबा, टाईम नाहीये! पुढे वाचा ना!"

दुसऱ्या दिवशी साडेपाचला शेवटचं पान निघालं. प्रेसचा माणूस दारात उभा राहून घड्याळ बघत होता. पानं घेऊन तो गेला आणि मी खुर्चीत कोसळले. भिया मात्र बाबांची लाल खुणांची प्रुफं उलटत होते. एक पान, दोन पानं, दहा पानं.

"टाईमावर निघाला, भिया," मी आठवण करून दिली. "मग नोकरी..."

"हां, पक्की," भिया म्हणाले. "काकाजी, उद्यापासून येता का? मराठी पत्रिकांमध्ये एवढ्या चुका जातात, आणि वाचणारं कोणी भेटत नाही मला."

दुसऱ्या दिवशी आईने डबा भरला. बाबा सातलाच निघाले, सेंटर दहाला उघडतं हे माहीत असूनही. महिन्याभराने भियांनी मलाही ठेवलं, फ्लॉपीच्या कपाटाची किल्ली मात्र बाबांकडे दिली.

पुढच्या खंडेनवमीला बाबांनी पाट मांडला आणि त्यावर एक लाल पेन ठेवलं. मी उत्साहाने काहीतरी ठेवायला पुढे झाले, तर ते घाईघाईने म्हणाले, "तू फक्त नमस्कार कर, बेटा. लांबून."