उंच गाडी

आम्हा नवरा-बायकोला लहानशी गाडी घ्यायची होती, म्हणून एका रविवारी आम्ही शोरूममध्ये गेलो होतो. शेजारी एक तरुण आपल्या बायकोला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन आला होता.

"आईला सारखं दवाखान्यात न्यावं लागतं," तो विक्रेत्याला सांगत होता. "रिक्षात तिचे फार हाल होतात."

विक्रेत्याने एक बुटकी गाडी उघडली. आई अलगद आत बसली, गुडघ्यांवरून हात फिरवत म्हणाली, "ही बरी आहे रे."

पण मुलाचे डोळे पलीकडच्या उंच, काळ्या गाडीवर खिळले होते. तिच्यात चढताना आईचा पाय दोनदा घसरला. सुनेने खालून आधार दिला, तरी जमेना.

"आई, तू अशी कितीदा बसणार आहेस? आमच्या सोसायटीत सगळ्यांकडे मोठ्या गाड्या आहेत."

"मग हीच घे," ती म्हणाली. "मला काय, रिक्षा मिळते."

मला वाटलं, आपली गरज सांगताना आपण घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाचं नाव पुढे करतो. निवड करायची वेळ आली की त्यालाच आधी गाळतो, आणि तेही त्याच्याच तोंडून होकार घेऊन.

गाडी बुक झाली. विक्रेता पेढे घेऊन आला.

"आजी, नशीबवान आहात. तुमच्यासाठी एवढी मोठी गाडी!"

आजीने पदर सावरला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हो ना, फार करतो हो माझा मुलगा माझ्यासाठी."