एल्क कॅम्पचे रिकामे खिळे

डोंगरावरच्या कॅम्पमध्ये सगळं रोज नव्याने आणावं लागतं. पाणी झऱ्यावरून, सरपण रानातून, मीठ संपलं तर तासाभराच्या ड्राइव्हवरून. न आणता साठत जातात ते फक्त किस्से. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. बोलणारी माणसं ते तिथल्या तिथे खर्च करून टाकतात.

आधी थोडी माहिती. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये होता. लग्न झालं तेव्हा तो शिकारीच्या कॅम्पमध्ये होता. मधल्या सहा महिन्यांत त्याच्या ऑफिसचा अख्खा मजला रिकामा झाला, आणि निखिलने दुसरी नोकरी शोधायच्या ऐवजी कोलोराडोतल्या डेलला फोन केला. डेल म्हणजे सत्तरीचा म्हातारा, एल्कच्या शिकारीला लोकांना घेऊन जायचं त्याच्याकडे लायसन्स. कॉलेजात असताना निखिल त्याच्याकडेच धनुष्य चालवायला शिकला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, उंचीला घोड्याएवढा.

दोघांच्या डोक्यात एकच खूळ होतं. हल्लीच्या शिकारी धनुष्यांना चाकं असतात, केबल असतात, नेम धरायला साइट असते. काही वेडे लोक अजून साधं लाकडी धनुष्य वापरतात, म्हणजे एक काठी आणि एक दोरी. तिने बाण मारायचा तर जनावर अंगणाच्या पलीकडच्या टोकाइतकं जवळ यावं लागतं, म्हणून बहुतेक जण रिकाम्या हाताने घरी जातात. हे वेडे बहुतेक सुतार, शिक्षक, ट्रक चालवणारे. आणि गाईडवाले कॅम्प सगळे श्रीमंतांचे. तर सुताराला परवडेल असा कॅम्प काढायचा.

डेलची एक जुनी रीत होती. येणाऱ्याने स्वतःचा पत्र्याचा मग आणायचा. जाताना तो घरी नेला तर रामराम. स्वैपाकाच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगून ठेवला तर तो माणूस पुढच्या वर्षी नक्की येणार. सही नाही, करार नाही.

माझे सासरे न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला. ते फोनवर म्हणाले, "एक सीझन. शेवटी खिळ्यावर एक जरी मग राहिला तर मी नोकरीचं नाव काढणार नाही. नाही राहिला तर दिवाळीला दोघं इकडे, आणि निखिल इंटरव्ह्यूला."

निखिल हो म्हणाला. मला कोणी विचारलं नाही. पण त्या डोंगरावर "ही बोलत का नाही?" असंही मला कोणी विचारत नव्हतं. तेवढ्यासाठी खिळ्यावरचा तो मग निखिलपेक्षा मलाच जास्त हवा होता.

*

पहिला किस्सा कॅम्प सुरू व्हायच्या आधीचा. लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू, सासूबाईंच्या अपार्टमेंटमध्ये. सगळ्या काकू, मावश्या, त्यांच्या सुना. एका काकूंनी विचारलं, मिस्टर कुठे असतात? म्हटलं, कोलोराडोत. त्यांना कंपनीचं नाव हवं होतं. मी सांगितलं, तंबूत असतात.

सासूबाईंनी घाईघाईने तिळगुळाचं ताट पुढे केलं. पण काकू सोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

"आणि तू काय करणार गं तिथे?"

"स्वैपाक. भांडी."

"अगं, कॉम्प्युटर इंजिनिअर ना तू?"

"हो काकू. त्यामुळे चांगली घासीन."

त्यानंतर त्या खोलीत माझ्याशी कोणी बोललं नाही. माझी ती संध्याकाळ फार छान गेली.

*

कॅम्प स्वस्त ठेवायची निखिलची युक्ती सोपी होती: नोकर ठेवायचेच नाहीत. पाणी आणणं, लाकडं फोडणं, कांदे चिरणं, सगळं आलेल्यांनीच करायचं. हे वेबसाइटवर ठळक लिहिलं होतं. पण वेबसाइट फोटोंसाठी असते असं लोकांना वाटतं.

पहिल्या आठवड्यात ओहायोचा एक डेंटिस्ट आला. धनुष्य सुंदर, बूट त्याहून सुंदर. सकाळी टेबलाशी बसला, कॉफी प्यायला, आणि मग इकडेतिकडे बघत त्याने डेलला विचारलं की कॅम्पचा स्टाफ कुठे आहे.

डेल म्हणाला, "तुझ्या मगात कॉफी कोणी ओतली?"

"मीच."

"मग भेटलास की स्टाफला."

दोन दिवसांनी तो माणूस माझ्या शेजारी बसून बटाटे सोलत होता. एकेका बटाट्याचे डोळे असे अलगद काढायचा की बटाट्याला कळायचंही नाही. जाताना म्हणाला, बऱ्याच वर्षांत इतका निवांत झालो नव्हतो. आणि आपला मग बॅगेत टाकून गेला.

*

दुसऱ्या आठवड्यात चार बुकिंग कॅन्सल झाली. डेलचे दोन तंबू रिकामे, निखिलचा चेहराही तसाच. तेवढ्यात खालून एक मोठा ट्रक वर आला. आतला माणूस उतरला, चौकशी केली, सगळं त्याला पसंत पडलं. म्हणाला, मी आणि माझे पाच मित्र. उद्यापासून आठवडाभर. शिवाय आम्ही दरवर्षी येऊ.

मी मनातल्या मनात सहा मग टांगले.

मग त्याने ट्रकमधून धनुष्य काढलं. वर चाक, खाली चाक. निखिलने नकारार्थी मान हलवली; इथे फक्त काठी आणि दोरी. तो माणूस आधी हसला, मग त्याला कळलं की हा खरंच नाही म्हणतोय. कोणाला कळणार आहे या डोंगरावर, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरच होतं. निखिल वळून डेलकडे बघायला लागला.

डेल खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "चाकं ट्रकला आहेत ना? मग त्यांच्यावर बसून खाली जा."

ट्रक गेला. ताटं उचलताना निखिल हळूच म्हणाला, "चूक केली का गं?" मी म्हटलं, "हो. दहा मिनिटं उभं केलंस त्याला. मी असते तर दोन मिनिटांत पाठवला असता."

*

आता हिंगाचा किस्सा.

एल्कचं नाक भयंकर तिखट. वाऱ्यावर माणसाचा वास आला की तो गेलाच. म्हणून ही मंडळी बिनवासाचा साबण वापरतात, कपडे पिशवीत पाइनच्या पाल्याबरोबर बांधून ठेवतात, देवघरातलं सोवळं असावं तसे. एकदा पाऊस लागला आणि कपडे भिजले. गॅरी नावाच्या सुताराने आपला शर्ट-पँट केबिनमध्ये शेगडीच्या वर दोरीला वाळत घातली. मी वर बघितलं नाही. खाली आमटीला फोडणी दिली. हिंग, मोहरी, लाल मिरची, वर लसूण.

गॅरी आला तेव्हा त्याचा शर्ट कोल्हापूरचा झाला होता!

तो चिडला, आणि त्याचं बरोबर होतं. वर्षभर पै पै जोडून आलेला माणूस. निखिल सॉरी सॉरी करत राहिला. यापुढे इथे फक्त उकडलेलं शिजेल, असंही त्याने परस्पर जाहीर केलं. मी पळी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग उकडायला दुसरी बायको बघ." डेलने दोरीवरचा शर्ट ओढला, बराच वेळ हुंगला, आणि निकाल दिला.

"एल्क माणसाच्या वासाला घाबरतो. हा माणसाचा वास नाही."

दुसरा शर्ट नव्हता, म्हणून सकाळी गॅरी तोच घालून गेला. संध्याकाळी परतला तो वेगळाच चेहरा घेऊन. एक छोटा नर, ज्याला मारायला कायद्याने बंदी आहे असा, सरळ त्याच्या समोर येऊन नाक वर करून उभा राहिला होता. गॅरीच्या सांगण्याप्रमाणे ओठसुद्धा चाटत होता. त्यावर माझा विश्वास नाही. पण जेवणं झाल्यावर गॅरी माझ्याकडे आला, हातात टोपी.

"ते जे जाळलंस ना काल," तो खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या जरा या टोपीच्या जवळ जाळशील?"

टोपीला धुरी दिली. मोठा नर मात्र आला नाही. गॅरीने आपला मग घरी नेला.

*

माझं प्रमोशन कसं झालं तेही सांगते.

सप्टेंबरात नर माद्यांना शोधत फिरतात. गाईड मागे लपून मादीसारखा आवाज काढतो, पुढे धनुर्धारी बसलेला असतो. नर आवाजाकडे निघतो आणि त्याच्या समोरून जातो. यात आवाज काढणं दहा टक्के, उरलेलं गप्प बसणं. निखिलला गप्प बसता येत नाही. जंगलात तो कुजबुजत समजावून सांगतो. त्याच्याबरोबर गेलेल्यांना एल्कविषयी सगळं कळलं, एल्क तेवढा दिसला नाही.

डेलने एकदा मला झाडाखाली बसवलं आणि विसरून गेला. संध्याकाळी आठवण झाली तेव्हा मी तिथेच होते. खार माझ्या बुटावर बसलेली. तो निखिलला म्हणाला, "तू आजपासून भांडी घास."

मादीचा आवाज मला तोंडाने जमायचा. थंडी वाजलेल्या मांजराच्या पिल्लाने तक्रार करावी, तसा. पण रिक नावाचा एक जण अडून बसला. तो गाईडबरोबर जाणार होता, कुकबरोबर नाही. तो निखिलला घेऊन वर गेला, मी पातेली घेऊन झऱ्यावर. घासता घासता मी आपली तो आवाज काढत होते. पलीकडच्या झाडीतून शीळ आली. लांब, वर चढत जाणारी, शेवटी घोगरी. मग शिंगं दिसली, मग सगळाच दिसला. मी आणि तो, मध्ये झरा आणि आमटीचं पातेलं. निवांत पाणी पिऊन गेला.

हे सगळं वरून, कड्यावरून, रिकने बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी केबिनचं दार उघडलं तर बाहेर सगळी पातेली घासून पालथी घातलेली. शेजारी रिक, धनुष्य घेऊन.

"किती वाजता निघायचं, मॅडम?"

*

शेवटच्या आठवड्यात सासू-सासरे आले. आम्हाला न्यायलाच, पण म्हणाले सहज आलो. बरोबर चिवडा, लाडू आणि बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, स्टीलचं फुलपात्र. बाबा चहा दुसऱ्या कशातूनही पीत नाहीत. प्रवासात, लग्नकार्यात, हॉस्पिटलमध्येसुद्धा तेच. केबिनमध्ये शिरल्यावर त्यांनी आधी खिळे बघितले. सगळे रिकामे. एवढंच म्हणाले की खिळे भक्कम ठोकलेत. ते सिव्हिल इंजिनिअर.

शेवटचा पाहुणा वॉल्टर. नेब्रास्कात शाळेची बस चालवून रिटायर झालेला, धनुष्य स्वतः घडवलेलं. त्याच्या शेवटच्या पहाटे बाबा बूट घालून तयार. "बघू तरी काय चालतं इथे."

मी त्यांना म्हणाले, "बाबा, बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचं नाही." सासऱ्यांना मी दिलेला हा पहिला हुकूम. त्यांनी मफलर घट्ट केला.

वॉल्टर पुढे, मी मागे, माझ्या बाजूला बाबा. उजाडता उजाडता मी आवाज काढला. खालच्या दरीतून उत्तर आलं. पुन्हा काढला, उत्तर जवळून आलं. फांद्या मोडायला लागल्या. आणि तो समोरून यायच्या ऐवजी वळसा घालून आला, बाबांच्या बाजूने. आला आणि थांबला. त्याच्या तोंडातून निघालेली वाफ बाबांच्या चष्म्यावर बसली. वॉल्टर धनुष्य ताणून वळला. पण बाणाच्या रेषेत एल्क होता आणि त्याच्या पलीकडे बाबा. त्याने बाण न सोडता दोरी हळूच सैल केली. एल्क बाबांकडे बघत राहिला, बाबा एल्ककडे. मग तो निघून गेला, घाई न करता.

बाबांनी चष्मा पुसला नाही. तसेच खाली उतरले. आईंनी विचारलं, "मिळालं का काही?" ते म्हणाले, "चहा टाक."

दुपारी वॉल्टर निघाला. अशी सकाळ आयुष्यात आली नव्हती, म्हणाला. आणि आपला मग बॅगेत ठेवला. पुढच्या सप्टेंबरात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. "खोटा मग टांगायचा नसतो," एवढंच म्हणाला. निखिलने त्याचा हात हातात घेतला, आणि तंबूच्या दोऱ्या सोडायला गेला. माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान गाडीत भरलं. बाबा पुढच्या सीटवर, बेल्ट लावून, डोंगराकडे तोंड. आईंनी पिशव्या तिसऱ्यांदा उपसल्या.

"अहो, तुमचं फुलपात्र कुठाय?"

"असेल कुठेतरी. चल, फ्लाइट आहे."

"असेल कुठेतरी काय? पोरी, आत बघ गं जरा."

मी केबिनमध्ये गेले. डेल कॉफी घेऊन भिंतीकडे बघत उभा होता. फुलपात्राला कान नसतो. म्हणून कडेखाली धनुष्याची दोरी गुंडाळून, दुहेरी गाठ मारून, दाराजवळच्या खिळ्याला ते सरळ, एका लेव्हलमध्ये टांगलेलं होतं.

बाहेरून आईंची हाक आली, "सापडलं का?"

"नाही, आई," मी ओरडून सांगितलं.