अक्काचं खोटं खोकणं

आम्ही जुळ्या. घटकाभर आधी जन्मली म्हणून ती अक्का. लग्नात मला तंजावूरचं भातगिरणीवाल्यांचं घर मिळालं, तिला तिरुवैयारूतल्या संगीतशिक्षकाचं. पोरीनं नशीब काढलं, असं सगळे माझ्याबद्दल म्हणाले, आणि मला ते मनापासून आवडलं.

घर गिरणीला लागूनच. भात उकडायला बॉयलरमध्ये तुसं जाळत. वाळत घातलेल्या साड्यांवर, दह्यावरच्या झाकणीवर काजळी बसायची. मी आयुष्यभर पुसत राहिले.

विडी-सिगारेटला आम्ही दोघींनी कधी हात लावला नाही. तरी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, तो मला. मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "आम्ही इतक्या सारख्या, मग तिला का नाही?" त्या म्हणाल्या, जीन दोघींची जवळजवळ तीच. पण धुराचे बारीक कण वर्षानुवर्षं आत जात राहिले की डीएनएवर रासायनिक खुणा चिकटू शकतात. मग पेशींच्या वाढीला आवर घालणारी जीन जागच्या जागी असूनही गप्प होतात. तुमच्या बाबतीत धूरच कारण, हे खात्रीनं सांगता येणार नाही, असंही म्हणाल्या. मला खात्री हवीच कशाला होती? माझ्याकडे होतं ते सगळं अक्काकडेही होतं, फक्त तिचं चालू होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नवरात्रात आमच्याकडे कोलू मांडतात. पायऱ्यांवर बाहुल्या, आणि आलेल्या बायकांनी गाणं म्हटल्याशिवाय तांबूल नाही. आम्ही दोघी माझ्या घरी दरवर्षी एकत्र गायचो. यंदा मी म्हटलं, तू एकटीच म्हण. ती ऐकेना. दुसऱ्याच ओळीत माझा दम तुटला. तिथेच तिचाही तुटला, आणि ती बारीकसं खोकली.

बायका हळहळल्या, दोघी थकल्या म्हणे. माझं डोकंच फिरलं. हिच्या दमाला काय धाड भरलीय? दया दाखवतेय मला!

"अक्का, सोंग नक्को की," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "पूर्ण म्हण."

"तुज त्रास होईल."

"होऊ दे. म्हण."

तिनं म्हटलं. लांबच लांब ओळ, मध्ये कुठे श्वास नाही. मी दात आवळून बसले. वरच्या स्वरावरची ती किंचित थरथर माझीच होती, माझ्या गळ्यातली. असा हेवा मी जन्मात कुणाचा केला नव्हता.

ती थांबली तशी मी म्हटलं, "परत म्हण." मला माझा आवाज आणखी ऐकायचा होता.