सासूबाई आणि दरोडेखोर बाई

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या मळ्यातलं घर सोडून दीड महिन्यासाठी नाशिक रोडला आमच्या फ्लॅटमध्ये आल्या. बाथरूम जवळ पडतं म्हणून त्यांचा पलंग हॉलमध्ये टाकला. टीव्हीही तिथेच. ऑफिसमधून आल्यावर मी रोज तासभर त्या टीव्हीवर गेम खेळते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी काही गोष्टी सासरी सांगायच्या राहूनच जातात.

चार दिवस मी कळ काढली. पाचव्या दिवशी नवरा म्हणाला, "खेळ गं, आईला काय कळणारे?" मग बसले.

त्या गेममध्ये एक अख्खं शहर आहे, हवं तिथे फिरायचं. नायिका म्हणजे तुरुंगातून सुटलेली बाई. दुकानं लुटते, गाड्या पळवते, साथीदारावरसुद्धा गुरकावते. मी तिच्यासाठीच तो गेम घेतला होता. आधीच्या अशा गेममधल्या बायका बहुतेक शेजारच्या सीटवर बसून किंचाळायच्या. ही स्वतः स्टिअरिंगवर होती.

सासूबाईंनी पाच मिनिटं निमूट पाहिलं.

"गाडी तिची हाय का?"

"नाही आई. चोरली."

"मालक कुठं गेला मंग?"

"तो काय, रस्त्यावर पडलाय."

त्यांनी पडलेल्या माणसाकडे पाहिलं. आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं.

"काच तरी वर कर म्हणावं तिला. लय धूळ हाय."

दुसऱ्या दिवशी मी दारात चप्पल काढतेय तोच पलंगावरून विचारणा झाली, "काल ती बाई निजली कुठं? आन् सकाळधरनं काय खाल्लं का तिनं?" त्या दिवशी आम्ही बँक लुटणार होतो. तो बेत बाजूला ठेवून बाई आधी हॉटेलात गेली, जेवली, आणि मगच बंदूक काढली.

आठवड्याभराने सासूबाईंनी रिमोट मागितला. कंट्रोलरला त्या रिमोटच म्हणत. चाळीस वर्षं झेंडूच्या माळा ओवलेली ती बोटं. दोन दिवसांत बटणं पाठ झाली. पण चोरी नाही, मारामारी नाही. त्यांची बाई फुटपाथवरून सावकाश चालायची, सिग्नलला थांबायची, समुद्र बघायची. शहरातला सर्वांत खतरनाक गुन्हेगार वाटेल तिथे थांबून लोकांच्या बागा न्याहाळत होता.

मग एकदा समोरून येणाऱ्या एका माणसाने तिला खांद्याने ढकललं.

"धक्का मारला त्यानं."

"आई, तो खरा माणूस नाहीये."

"कोण का असंना," म्हणून त्यांनी त्याला असा गुद्दा घातला की तो उडून कचऱ्याच्या डब्यावर आदळला. पोलीस आले. मी ओरडले, "आई, पळा, पळा!"

"मी का पळू? आधी त्यानं मारला!"

हेलिकॉप्टर येईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. बाई मेली. "परत लाव," त्या म्हणाल्या.

बाई पुन्हा जिवंत होईपर्यंत त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. माझा नवरा त्यांच्या पोटात असताना फूलबाजारात एका माणसाने त्यांची पाटी पायाने सरकवून त्यांची जागा घेतली होती. त्यांनी सांडलेली फुलं गोळा केली आणि पलीकडे गटाराशेजारी बसल्या. पुढची एकोणीस वर्षं तिथेच बसल्या. घरी कुणाला बोलल्या नव्हत्या.

"ही बाई काय चांगली नाय," टीव्हीकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "पण आपल्याला कुणी चांगलं म्हणावं, याची तिला फिकीरच नाय. लय मोकळं वाटत आसंल." मी त्यांचा हात हातात घेतला, तर म्हणाल्या, "सोड, रिमोट पडल."

घोटाळा झाला तो फोनमुळे. सासूबाई फोनवर बोलतात ते पलीकडच्या गावात ऐकू जाईल अशा बेताने. बहिणीला त्यांनी सांगितलं, "काल लय पोलीस आले व्हते. सूनबाईनं गाडी बोगद्यात घातली म्हणून वाचलो." रविवारी सकाळी मावशी आणि काका दारात हजर. काका नवऱ्याला गॅलरीत घेऊन गेले. मावशींनी मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लावलं आणि कुजबुजल्या, "पोरी, वकील बघितला का?"

खुलासा करायला अर्धा तास गेला. मावशींचा विश्वास बसेना, म्हणून गेम लावून दाखवला. जेवणापर्यंत त्यांनी तीन ट्रक पळवले होते आणि काकांना चहासुद्धा विचारला नव्हता.

सासूबाई मळ्यात परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटाला पोचलो. साथीदाराने दगा दिलेला. तो गुडघ्यावर बसलेला, बाईच्या हातात पिस्तूल, आणि गेम विचारत होता: मारायचं की सोडायचं? माझं बोट बटणावर होतं. मी तर मारलाच असता.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चहा मागितला. चहा पूर्ण पिऊन कप खाली ठेवला. साथीदार तेवढा वेळ गुडघ्यावरच होता.

"सोड त्याला," त्या म्हणाल्या. "पण त्याची गाडी घे. बसू दे हिंडत पायी पायी."