मगदूम मॅडम, शनिवारचं भांडण राहिलं

मगदूम मॅडम आज सकाळी गेल्या आणि मला राग आलाय.

दुःख येईल नंतर. आत्ता राग आहे.

स्मशानातून परत आलो, पण रूमवर बसवेना. गाडी काढली, विश्रामबागला आलो आणि कॉलेजच्या गेटसमोर उभा राहून हे टाइप करतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मॅडम आम्हाला राज्यशास्त्र शिकवायच्या आणि कॉलेजचा लोकसेवा कक्ष चालवायच्या. रिटायर झाल्यावरही दर शनिवारी यायच्या.

आम्हाला वाटलं, तिथं एमपीएससीचे फुकट क्लास असतील. म्हणून गेलो.

तिथं होत्या इंटर्नशिप. पंचायत समितीत, कायदा सहाय्य केंद्रात, पुराच्या वेळी मदत केंद्रावर. आणि मॅडमचा एक नियम. आधी एखाद्या सरकारी ऑफिसबाहेरच्या बाकावर दिवसभर बसून यायचं. आत नाही. बाहेर, लोकांबरोबर.

"खुर्ची पाहिजे ना तुला? मग ती बाहेरून कशी दिसते ते बघून ये."

मी नाही गेलो. क्लास वन होणारा माणूस बाकावर कशाला बसेल?

मग मी पूर्व परीक्षा पास झालो.

फक्त पूर्व. मुख्य बाकी, मुलाखत बाकी.

पण आमचं गाव कुंडलच्या पलीकडं. पूर्व काय आणि मुख्य काय, एवढी चौकशी करायला तिथं कुणाला सवड आहे? चौकात फ्लेक्स लागला. माझा फोटो आणि खाली 'साहेब'. ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. दादा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, स्वतःच्या लग्नातसुद्धा न नाचलेले, ते डीजेसमोर नाचले.

मी वरून ओरडतोय, "आवं, आजून दोन परीक्षा हायत!"

सरपंच म्हणाले, "हुत्यात की रं त्या. तू गप वर बस."

मुख्य परीक्षेत उडालो.

फ्लेक्स मात्र कुणी काढेना. मी गावाला जायचा बंद झालो. सणाला नाही, जत्रेला नाही. अभ्यासिकेत पडून असायचो, पुस्तक उघडं आणि डोकं बंद. आईचा फोनही उचलायचो नाही. त्या दिवसांत मनात काय काय यायचं ते आठवलं की आजही घाम फुटतो.

मॅडमना कुणीतरी सांगितलं. त्या थेट अभ्यासिकेत आल्या आणि सगळ्यांदेखत माझं पुस्तक मिटलं.

"गावाला जायचं नाही ना? नको जाऊस. शिराळ्याकडं जा. उद्यापासून बाक."

गेलो. चिडूनच गेलो.

पंचायत समितीबाहेरच्या बाकावर शेजारी एक आजी येऊन बसल्या. नवरा फौजेत होता, त्याची पेन्शन मिळायची. ती चालू राहायला दरवर्षी आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. आणि मशीन आजींच्या बोटांचे ठसे घेईना. जन्मभर शेतात भांगलण करून, तण उपटून झिजलेली बोटं ती.

"म्या जित्ती हाय की रं. हितं बसलीया. ह्यास्नी दिसत न्हाई व्हय?"

मोबाईलवर चेहऱ्यानंही हे काम होतं. मलाही ठाऊक नव्हतं, शोधून काढलं. आजींना उजेडात बसवलं, डोळे मिचकवायला सांगितलं.

"डोळं मिचकावू? ह्या वयात?" आजी पदरात तोंड लपवून हसल्या.

काम झालं. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवलो.

तिथंच इंटर्न झालो. दादा मॅडमना भेटायला कॉलेजात आले.

"आवं मॅडम, पोरगं सायेब झालं न्हाई, ते ऱ्हाऊ द्या. पर हे इंटर्न म्हंजी काय असतंय?"

"घरजावई," मॅडम म्हणाल्या. "राबतो सगळ्यांत जास्त आणि मान सगळ्यांत शेवटी."

दादा खदखदून हसले. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. मी गावाला गेलो.

हे सगळं खरं आहे. पण मॅडम, पुढचंही खरं आहे.

आज मी कंत्राटी समन्वयक आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग पुन्हा हात जोडा. काम माझं, सही दुसऱ्याची. स्थळाकडची माणसं येतात, "कायम हाय का?" विचारतात आणि चहा पिऊन जातात. ऑर्डर संपत आली की माझी झोप उडते.

म्हणून रविवारी फोनवर भांडलो.

"मॅडम, पोरांना या इंटर्नशिपचा नाद लावू नका. आधी परीक्षा काढा म्हणावं. खुर्ची नसली की कोण ऐकतंय?"

मला वाटलं, चिडतील.

"मग शनिवारी ये आणि पोरांना हेच सांग," त्या म्हणाल्या. "एक शब्द गाळू नकोस. मी पहिल्या रांगेत बसते. तुझं झालं की मी माझं सांगते."

"येतो की. घाबरतोय व्हय?"

आज गुरुवार.

मघाशी स्मशानात कक्षातली एक मुलगी जवळ आली. "सर, परवाचा कार्यक्रम रद्द करायचा का?"

मग तीच पुढं म्हणाली,

"मला इंटर्नशिपला जायचंय. घरचे नको म्हणतायत. तुमचं दोघांचं ऐकून ठरवणार होते."

काय सांगू हिला?

जा म्हणालो तर तिच्या अकरा महिन्यांचं काय? नको म्हणालो तर बाकावर बसलेल्या माणसांचं काय? आणि माझं काय, मी तर त्या बाकामुळंच उठून उभा राहिलो.

कार्यक्रम रद्द केलेला नाही.

शनिवारी येतोय मॅडम. माझी बाजू मांडणार, एक शब्द न गाळता. आणि तुम्ही नाही, म्हणजे तुमची बाजूही आता मलाच मांडावी लागणार.

भीती एकाच गोष्टीची वाटतेय. तुमचीच बाजू मी जास्त चांगली मांडेन.

शेवटचा नमस्कार, मॅडम.